प्रतिसाद: गाव प्लेगने उठलं नाही

इंग्लंडमधलं व्हॅरम पर्सी हे गाव चौदाव्या शतकातल्या प्लेगने ओस पडलं आणि मग तिथलं चर्चही मोडकळीस आलं, असं इथे आधी कुणीतरी लिहिलंय. यॉर्कशायरमधल्या या गावाबाबत ते पटत नाही. प्लेगनंतरही तिथे जवळपास दीडशे वर्षं वस्ती होती. ती उठली १५०० च्या सुमारास, मेंढ्यांच्या कुरणांपायी.

सेंट मार्टिनचं चर्च मात्र चालूच राहिलं, कारण आसपासच्या गावांचंही तेच पॅरिश चर्च, म्हणजे पंचक्रोशीचं चर्च होतं. शेवटची प्रार्थना १९४९ साली झाली, मनोरा अर्धा कोसळला तो १९५९ मध्ये. तिथे गेलात तर भिंतीत चिणलेल्या कमानी नक्की बघा. माणसं घटली तशा दोन्ही बाजूंच्या ओवऱ्या पाडल्या आणि कमानी दगडांनी बुजवल्या. गाव आटत गेल्याची खूण थेट दगडात! ते बघून मला फार गलबलून आलं होतं.