वंशावळीत न आलेल्या स्त्रियांची नावे कुठे शोधावीत?

कृष्णाकाठ
नमस्कार. वडिलांच्या पश्चात त्यांच्या पेटीतील हस्तलिखित वंशावळ आणि मोडी कागदांचे एक लहान दप्तर माझ्याकडे आले आहे. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात असून घराणे शेतकऱ्याचे आहे. निवृत्तीनंतर दुपारी हे कागद उलगडून बसण्यात मला फार आनंद मिळतो. वंशावळीत सात पिढ्यांतील पुरुषांची नावे आहेत, परंतु स्त्रीचे नाव एकही नाही. माझ्या आजीच्या सासूचे नावसुद्धा आज घरात कोणाला सांगता येत नाही. आजीची जुनी लुगडी मी जपून ठेवली आहेत. त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवावी आणि तिच्यावर घरातील सर्व स्त्रियांची नावे धाग्याने भरावीत, असा माझा विचार आहे. ही नावे कोणत्या कागदांत सापडतील, आणि मोडी न येणाऱ्या माणसाने सुरुवात कुठून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मोडीवाचक
ताई, आपण योग्य प्रश्न विचारला आहे. वंशावळ बहुधा वतनाचा किंवा जमिनीचा हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिली जात असे, म्हणून तीत फक्त पुरुषांची परंपरा येते. मात्र त्याच जमिनीच्या दुसऱ्या कागदांत स्त्रिया हमखास भेटतात. गावच्या जुन्या फेरफार नोंदी, म्हणजे जमिनीवरील नावे बदलल्याच्या नोंदी, तलाठी किंवा तहसील कार्यालयातून मागवाव्यात. अनेक तालुक्यांतील जुने अभिलेख आता शासनाच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. खातेदार मयत झाला की वारस म्हणून त्याच्या विधवेचे नाव लागे, आणि ते ‘सखूबाई कोम मारुती’ अशा पद्धतीने, म्हणजे मारुतीची पत्नी सखूबाई, असे लिहिले जाई. मुलगे लहान असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अपाक’, अर्थात अज्ञान पालनकर्ता, असा शेरा येतो आणि तिथे पुष्कळदा आईचे नाव असते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींचीही नावे दिसू लागतात, मग त्यांनी पुढे हक्कसोडपत्र करून दिलेले असले तरी. याशिवाय जन्ममृत्यूची गावनोंद, जिला आपण कोतवाल बुक म्हणतो, तीही अवश्य पाहावी.

मोडी शिकण्याची भीती बाळगू नये. ओळीवर आधी लांब रेघ ओढून तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे लिहिलेली असतात, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून प्रथम अर्थ न शोधता ओळखीची नावे शोधावीत. गावाचे नाव आणि आडनाव आपल्याला ठाऊक असतेच, त्यांची वळणे वहीत उतरवली की बाकीची अक्षरे हळूहळू सुटतात. तारखांसाठी एवढे लक्षात ठेवावे: शकाच्या आकड्यात डिसेंबरअखेरपर्यंत 78 आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवले की इसवी सन येतो. पेशवाईतील कागदावर मात्र ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असा अरबी शब्दांत लिहिलेला सन, म्हणजे शुहूर सन, असेल. तो 1172 होय. मृग नक्षत्राला सुरू होणाऱ्या या सनात 599 मिळवावे, म्हणजे 1771-72 हे वर्ष मिळते.

गोदातीर
आपले पूर्वज नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरला गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. मूळ गाव आणि आडनाव सांगितल्यावर ते घराण्याचे पान काढून देतात. यात्रेला सोबत आलेल्या आई, पत्नी, बहीण यांची नावे तिथे लिहिलेली आढळू शकतात.

सुईदोरा
वाकळीबद्दल थोडे सांगते. लुगडी प्रथम उजेडासमोर धरून पाहावीत. जिथे वीण विरळ झाली असेल तो भाग आतल्या थरात घालावा आणि काठ-पदर मात्र वर दिसतील असे मांडावेत. ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग चोळून तपासल्याशिवाय कापड धुऊ नये. नावे थेट जीर्ण लुगड्यावर भरल्यास सुईने ते फाटेल, म्हणून ती नव्या सुती पट्टीवर साखळी टाक्याने भरून पट्टी नंतर जोडावी. नाव न मिळालेल्या स्त्रीसाठी कोरी पट्टी अवश्य लावावी. तिची जागा वंशावळीत नव्हती, निदान वाकळीत तरी ती असावी, असे मला मनापासून वाटते. धावदोरा कडेकडून मध्याकडे घालत जावा.

जात्यावरची
कागदांच्या आधी माणसांकडे जावे, कारण कागद थांबतील, माणसे थांबत नाहीत. घरातील वयस्कर स्त्रियांना नुसती नावे विचारली तर त्या अडखळतात. ओव्या म्हणायला सांगितल्या की माहेरचे गाव, भाऊ, नणंद, सासू सगळे ओघाने येते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्यांत बायकांचे सगळे आयुष्य आले आहे. आपण भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्याच दिवशी ते लिहून काढावे. आणखी एक गोष्ट. लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने एकाच स्त्रीची दोन नावे निघतील.

कृष्णाकाठ
आपणा सर्वांची मी ऋणी आहे. माझ्या थोरल्या आत्या गावीच असतात आणि त्यांना ओव्या येतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करते. फेरफारासाठी अर्ज नंतर. दोन नावे निघाली तर वाकळीवर कोणते भरावे?

सुईदोरा
दोन्ही भरावीत. माहेरचे नाव वर, सासरचे खाली, आणि माहेरच्या गावाचे नाव ठाऊक असेल तर तेही सोबत.