चाळीस दिवस राग गिळला, ईस्टरला सगळा बाहेर आला

शिरोलीचा_भावड्या
सलाम मंडळी. मनातलं विचारायचंय, हसू नका. मी कोल्हापूरचाच, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर हाय. माझा प्रॉब्लेम राग. मारामारी वगैरे नाही, पण तोंड सुटलं की सुटलं, आणि ते सगळं घरात, कंपनीत साहेबापुढं एकदम गरीब गाय. ह्या वेळी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत ठरवलं, पहिल्याच दिवशी राखेच्या बुधवारपासनं घरात आवाज चढवायचा नाही म्हणजे नाही. स्वैपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज रात्री लाल पेनानं खूण, पहाटे पाचला उठून बायबलचं वचन, शुक्रवारी उपास. आणि खरंच जमलं ओ! म्हणायला चाळीस, पण रविवार धरून ४६ दिवस. मग ईस्टरची उपासना झाली, घरी आलो, पांढरा रस्सा ताटात, आणि आईनं तिसऱ्यांदा तेच विचारलं, गॅसचा नंबर लावलास काय म्हणून. बास. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आई गप्पच, ताटातला भात बोटानं कडेला सारत बसली. ते बोट अजून डोळ्यापुढनं जात नाही.

आता पाळकसाहेब म्हणतात, स्वतःच्या बळावर नको, विश्वासानं कर. म्हणजे नेमकं करायचं काय? मला तर विश्वास पण दात-ओठ खाऊनच ठेवावा लागायलाय.

तालमीतला_गडी
भावा ४६ दिवस म्हणजे चेष्टा नव्हं. एक दिवस मोडला म्हणून कोण तालीम सोडतंय काय, दुसऱ्या दिवशी परत जोर मारायचे. खुणा पहिल्यापासनं चालू कर. शेवटी कंट्रोल आपल्यालाच करावा लागतो. (मी ख्रिस्ती नाही, चुकलं तर सांभाळून घ्या)

निवृत्त_मास्तर
गड्याचं अंगमेहनतीपुरतं बरोबर आहे. पण बाळ, बायबलातल्या रोमकरांस पत्राचा ७ वा अध्याय काढ. लिहिणारा पौल, नियमशास्त्र पाळण्यात कुणाला हार न जाणारा परूशी (यहुद्यांतला कडक धर्मपंथ), आणि तोच म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, नको तेच होतं. त्या अध्यायात 'मी' आणि 'मला' किती वेळा येतं मोज, मग लगेच ८ वा वाच, तिथं दर दोन-चार ओळींनी 'आत्मा' येतो. तुझ्या कालनिर्णयवर पण ४६ वेळा 'मी'च लिहिलंय.

इच्छाशक्ती तोंड दाबून धरते, आत काय हवंय ते तिला बदलता येत नाही. तू आवाज दाबलास, पण 'मला कुणी परत परत विचारायचं नाही' हे आत तसंच होतं. मेथोडिस्ट पंथ सुरू करणारा इंग्लंडचा जॉन वेस्ली बघ. ऑक्सफर्डमध्ये बुधवार-शुक्रवार उपास, वेळेचा हिशोब डायरीत, मिशनरी होऊन अमेरिकेतल्या जॉर्जियाला गेला, आणि परत आला तो खचून. २४ मे १७३८ ला लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं, ती ऐकताना त्याला कळलं की ख्रिस्तानं केलंय त्यावर भार टाकायचा, माझ्यासाठी, माझ्या पापांसाठी. उपास त्यानं नंतरही केले, पण ते करून देवाला पटवायचं राहिलं नव्हतं.

दात-ओठ खायचं म्हणतोस ना, तर विश्वास 'वाढवायच्या' मागे लागूच नकोस. राग चढला की तिथल्या तिथं खरं बोल, प्रभू, मला आत्ता हिला गप्प करायचंय, हे माझ्यात आहे, आणि तरी तू मला टाकलेलं नाहीस. एवढंच. मास्तरकीची सवय, लांबलं.

रंकाळा_साईड
मास्तर, मान राखून बोलते. आमच्या नात्यातले एकजण 'प्रभू करील, प्रभू सोडवील' म्हणत वर्षानुवर्षं पीत राहिले आणि भांडी घासायला बायको. असला विश्वास मेलेलाच, बायबलात याकोबानं स्पष्ट लिहिलंय, कृतीशिवाय विश्वास मेलेला. आणि भावड्या दादा, तुमच्या पोस्टमध्ये खुणा आल्या, उपास आला, रस्सा पण आला. आईची माफी मागितल्याचं कुठं दिसलं नाही ते?

तासगावचा_बागायतदार
ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं 😄
योहान १५, जिथं येशू म्हणतो मी वेल, तुम्ही फाटे, ते आमच्या द्राक्षाच्या धंद्यातलं म्हणून लिहितो. एप्रिलला खरड छाटणी झाली की बांधावर काड्यांचा ढीग पडतो. सकाळी कापलेली काडी लांबनं बघणाऱ्याला हिरवीगारच दिसते, ऊन चढलं की कळतं. माझी असली कापलेली हिरवी वर्षं लई झाली, चर्चच्या मंडळीत सगळे म्हणायचे काय सुधारला पोरगा. आणि त्या अध्यायात माळी कोण हाय? पिता. आम्ही बागायतदार तिथंच घोळ घालतो, स्वतःच माळी होऊन स्वतःलाच छाटत बसतो. फाट्याला घड आणायला जोर लावावा लागत नाही, वेलीला धरून ऱ्हायचं. कात्री मात्र सोसावी लागते, आणि माझ्या अनुभवानं माफी मागणं ही त्यातलीच एक. तिथनं पळालो की सगळं विश्वास-बिश्वास तोंडातच.

शिरोलीचा_भावड्या
नव्हती मागितली ताई. खरं सांगतो, मागितली तर ४६ दिवस खोटे पडतील असं वाटायचं. लिहिताना मलाच लाज वाटायलीय.

आत्ता जाऊन आलो. म्हटलं, आई, त्या दिवशीचं चुकलं. ती सिरियल बघत होती, माझं बोलणं चालू असतानाच तिनं टीव्हीचा आवाज वाढवला आणि मला परत चढायला लागला, माफी मागता मागता! मग मास्तरांनी सांगितलेलं मनात म्हटलं, तेच, हिला गप्प करायचंय मला, हे माझ्यात हाय. आणि तिथंच खाली बसलो, उठून गेलो नाही. राग गेला काय? अर्धा गेला असंल. जाहिरात लागली तेव्हा आई म्हणाली, झालं ते झालं, जेवलास काय.

त्या कालनिर्णयचं काय करू? पानं फाडून टाकू काय?

रंकाळा_साईड
फाडू नका ओ. दूध आणि गॅसच्या तारखा कुठं लिहिणार मग? आणि नंबर लावला की नाही अजून?