वडिलांचं क्रिएटिनिन १.६ आलंय, रिपोर्ट कसा समजायचा?

कळंबकर_शेतकरी:
नमस्कार मंडळी, जरा टेन्शनमध्ये लिहितोय. वडील ६२ वर्षांचे, शेती करतात. गुडघ्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं तर त्यांनी रक्त तपासायला लावलं, त्यात किडनी फंक्शन टेस्ट पण होती. रिपोर्ट काल रात्री मोबाईलवर आला आणि डॉक्टर आता सोमवारीच भेटणार.

युरिया ५२, क्रिएटिनिन १.६, युरिक ॲसिड ७.८, पोटॅशियम ५.३, सोडियम १३८, आणि सगळ्यात खाली ईजीएफआर ४८. सोडियम सोडून सगळं ठळक अक्षरात आहे.

गुगलवर टाकलं तर स्टेज ३ किडनीचा आजार असं आलं, तेव्हापासून झोप नाही. ४८ म्हणजे किडनी ४८ टक्केच चालतेय का? आमच्या गावात एकाचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा गाडी करून लातूरला जावं लागतं, ते डोळ्यासमोर येतं. आईला अजून काहीच सांगितलं नाही. वडिलांना तसा काही त्रास नाही, जेवण व्यवस्थित, सध्या उन्हात कुळवाच्या पाळ्या घालतायत. बीपीची गोळी आहे ५-६ वर्षांपासून. शुगर कधी तपासल्याचं आठवत नाही.

सह्याद्री_वारा:
घाबरू नका भाऊ. दिवसाला ५ लिटर पाणी पाजा, रोज एक शहाळं द्या आणि गोखरूचा काढा सुरू करा, माझ्या मामांचं क्रिएटिनिन काढ्यानेच खाली आलं. डाळ, टोमॅटो, पालक आजपासून बंद.

लॅबवाला_दादा:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं बोलणार नाही, फक्त आकड्यांचं सांगतो. पण आधी वरच्या सल्ल्याबद्दल, शहाळं प्लीज देऊ नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि तुमच्याकडे तेच वाढलेलं दिसतंय. काढा पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता क्रिएटिनिन. हे स्नायूंमधून रोज तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनीचा वेग मंदावला की रक्तात साठतं. पण ज्याचे स्नायू जास्त त्याचं मुळातच थोडं जास्त असतं, आदल्या रात्री मटण झालं असेल तरी थोडं वर जातं. म्हणून नुसता १.६ बघून काही कळत नाही, वय आणि स्त्री-पुरुष धरून ईजीएफआर, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, काढतात. ते मशीन मोजत नाही, फॉर्म्युल्याने काढलेला अंदाज आहे. तरुण निरोगी माणसात साधारण १०० च्या आसपास असतं, वयाबरोबर कमी होत जातं, म्हणून ढोबळमानाने टक्के म्हटलं तरी चालतं पण तंतोतंत नाही. काही लॅब २०२१ चा नवा फॉर्म्युला लावतात, काही अजून जुनाच, त्यामुळे परत टेस्ट कराल तेव्हा शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. आणि दुसऱ्या रिपोर्टवर युरियाऐवजी बीयूएन (त्याच युरियातल्या नायट्रोजनचा आकडा) लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो, २४ आणि ५२ जवळजवळ एकच. लोक दोन रिपोर्ट शेजारी ठेवून "युरिया निम्मा झाला" म्हणून खूश होतात, असं मी कितीदा बघितलंय.

पोटॅशियमबद्दल एक विचारतो, रक्त कुठे घेतलं? कलेक्शन सेंटरवर घेऊन पुढे शहरात पाठवलं असेल आणि मध्ये चार-पाच तास गेले असतील, किंवा काढताना लाल पेशी फुटल्या असतील, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. रिपोर्टखाली "हिमोलाइज्ड" असं बारीक लिहिलंय का बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, जुना रिपोर्ट शोधा. कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर त्याआधी क्रिएटिनिन केलेलं असणारच.

सांगलीची_लेक:
टोमॅटो-डाळ बंद करण्याबद्दल मला बोलायचंच आहे. माझ्या आईचं क्रिएटिनिन १.२ होतं, लॅबची रेंज १.२ पर्यंत, त्यामुळे "नॉर्मल" म्हणून दोन वर्षं कुणी बघितलंच नाही. आई ६८ ची, एकदम बारीक, स्नायूच नाहीत, मग क्रिएटिनिन वाढणार कुठून. शेवटी एका डॉक्टरांनी ईजीएफआर काढायला लावलं तर ४९. मग आम्ही घाबरून नातेवाइकांचं ऐकलं, डाळ बंद, दूध बंद, भाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं, चार महिन्यांत आई एवढी अशक्त झाली की जिना चढवेना. आणि तिचं पोटॅशियम कधीच वाढलेलं नव्हतं! आहारतज्ज्ञांनी परत डाळ सुरू केली, मोजून वाटीभर. म्हणून सांगते दादा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. मीठ तेवढं कमी करा, लोणचं-पापड. आणि "लो सोडियम" मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं.

लघवीची तपासणी केली का? आमच्याकडे खरं चित्र तिथे कळलं.

डॉ_मराठवाडा:
फिजिशियन आहे. वरचे दोघं बरोबर सांगतायत. मला दोन गोष्टी कळव, गुडघ्यासाठी कोणती गोळी चालू आहे आणि बीपीच्या गोळीचं पूर्ण नाव काय?

कळंबकर_शेतकरी:
डॉक्टर, पाकीट आत्ता बघितलं. मेडिकलमधून आणतात, ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल, सकाळ-संध्याकाळ, आई म्हणते दोन महिने झाले. बीपीची टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र. आणि मोतीबिंदूच्या वेळचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, क्रिएटिनिन १.१. लॅबवाले दादा, रक्त इथे घेऊन लातूरला पाठवलं होतं.

डॉ_मराठवाडा:
मग बरंचसं इथेच आहे. नीट वाच. किडनीच्या प्रत्येक चाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते, बाहेर नेणारी दुसरी. अंगातलं पाणी कमी असताना पेनकिलर घेतली की आतली नळी आवळते, टेल्मिसार्टन बाहेरची सैल करते, हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी काढते, वर मे महिन्यातलं ऊन आणि घाम. सगळं मिळून चाळणीवरचा दाबच पडतो आणि क्रिएटिनिन चढतं. टेल्मिसार्टन वाईट नाही, उलट पुढे किडनी वाचवायला तीच लागते, म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. पेनकिलर, म्हणजे ती ॲसिक्लोफिनॅकची गोळी, मात्र आजपासून बंद. सोमवारची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून हे कॉम्बिनेशन आणि पोटॅशियम सांग, ते परत टेस्ट कधी करायची ठरवतील.

पाणी तहान लागेल तसं, कामावर असताना थोडं जास्त, ५ लिटर नाही. लघवी एकदम कमी झाली, पायावर किंवा तोंडावर सूज, दम लागणं, उलट्या, यातलं काही झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

आणि स्टेज ३ म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. एका रिपोर्टवर कुणीही स्टेज लावू नये. सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, शुगर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि सोनोग्राफी करून घे, या वयात प्रोस्टेटमुळे लघवी अडते का तेही त्यात दिसतं.

कळंबकर_शेतकरी:
तीन आठवड्यांनी लिहितोय. पेनकिलर बंद केल्यावर परत केलं, क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर ६२, पोटॅशियम ४.६. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांचा आकार ठीक आहे, प्रोस्टेट थोडी मोठी पण लघवी साठत नाही. पण लघवीतलं ते अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण १४० आलं, ३० च्या आत पाहिजे होतं म्हणे, आणि एचबीए१सी ७.४. म्हणजे वडिलांना शुगर होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून नुसती टेल्मिसार्टन ठेवली आणि शुगर आणि किडनी दोन्हीसाठी डॅपाग्लिफ्लोझिन ही नवीन गोळी सुरू केली. आईला सगळं सांगितलं, ती रडली पण मग म्हणाली आधीच सांगायचं होतंस. आता वडील विचारतायत गुडघ्याचं काय करायचं, पाळ्या तर घालायच्याच आहेत.

डॉ_मराठवाडा:
पहिलं, नवीन गोळीने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जातं, ते अपेक्षित असतं, बघून घाबरून बंद करू नका. जुलाब-उलट्या लागल्या किंवा उपास असला तर तेवढे दिवस थांबवायची का ते डॉक्टरांना विचारा. शुगर नेमकी कधीपासून आहे माहीत नाही, म्हणून डोळ्यांचा पडदा पण तपासून घ्या, मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांकडेच होईल. लघवीची टेस्ट तीन महिन्यांनी परत.

गुडघ्याला नुसती पॅरासिटामॉल, ती पण दुखेल तेव्हाच. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, हळू खाली, प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. महिनाभर नेमाने करायला लाव. आणि मेडिकलवाल्याला स्वतः जाऊन सांग की वडील आले तर ती ॲसिक्लोफिनॅकची गोळी द्यायची नाही, नाव बदलून दुसरी पण नाही.