मदत हवी आहे: हेमकुंडच्या वाटेवरची जांभळी फुलं ॲस्टर की एरिजेरॉन?

नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये उत्तराखंडला व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड साहिब केलं. घांघरिया या वाटेवरच्या मुक्कामाच्या गावाच्या वर झाडं संपली की सूर्यफुलाच्या कुळातली इतकी फुलं दिसतात ना की कुठे बघू असं होतं. ब्रह्मकमळ लगेच कळतं, कारण ती कागदासारखी फिकट पानं आणि आत लपलेले जांभळे गुच्छ दुसऱ्या कशात दिसत नाहीत. ॲनाफॅलिसची पांढरी कोरडी फुलंही ओळखता येतात. अडलंय ते जांभळ्या डेझीपाशी: ॲस्टर आणि एरिजेरॉन या दोन सारख्या दिसणाऱ्या गटांपैकी ती कोणती?

झाड वीतभर, दांड्याला एकच फूल, मध्ये पिवळं आणि भोवती पाकळ्या अगदी दोऱ्यासारख्या बारीक, दाट, एकाहून जास्त ओळींत. ॲस्टरच्या पाकळ्या जरा रुंद आणि बहुतेक एकाच ओळीत असतात, म्हणून मला हे एरिजेरॉन मल्टिरेडिएटस वाटतंय. पण त्याच उतारावर थोड्या रुंद पाकळ्यांची पण फुलं होती, ती ॲस्टर हिमालायकस असतील का?

फुलामागच्या हिरव्या छदांचा (छोट्या पानांसारख्या भागांचा) एकच फोटो आहे, त्यात ती अरुंद आणि साधारण सारख्याच लांबीची दिसतायत, यावरून नक्की सांगता येईल का? फूल तोडायचा प्रश्नच नव्हता, सगळं फोटोवरूनच ठरवायचंय.

अजून एक, पिवळं, मान खाली घातलेलं एकेकटं फूल, ते याच कुळातलं क्रेमॅन्थोडियमच ना? फोटो कमेंटमध्ये टाकतोय, हिमालयातली फुलं ज्यांना माहितीयेत त्यांनी प्लीज बघा.