सिरी डेर्केर्ट या स्वीडिश शिल्पकार बाईंबद्दल कोणी सांगेल का?

शाडूमाती:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मी जेजेला शिल्पकलेत होते, मग लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात माती सुटली ती सुटलीच. गेली आठ-नऊ वर्षं परळला एका गणपतीच्या कारखान्यात सीझनला डोळ्यांची आखणी करते. यंदा धाकटी होस्टेलला गेली, घर रिकामं झालं आणि वाटायला लागलं की आता आपलं स्वतःचं काहीतरी मोठं करावं. पण मी ५१ ची, ज्यांना विचारलं ते म्हणतात या वयात लहान मूर्ती करा, भिंतीबिंतींच्या मागे लागू नका.

परवा भाचीने स्टॉकहोमच्या एका मेट्रो स्टेशनचा फोटो पाठवला. प्लॅटफॉर्मच्या भिंतभर काळ्या रेषा, बायकांचे चेहरे, मध्येच अक्षरं, वहीत भराभर स्केच करावं तशा मोकळ्या रेषा, आणि हे सगळं काँक्रीटमध्ये! खाली नाव सिरी डेर्केर्ट. या बाई कोण? आणि अशी रेषा काँक्रीटवर येते कशी? छिन्नीची वाटत नाहीये.

लाल_लाइन:
ताई, मी कंपनीच्या कामासाठी स्टॉकहोमला तीन वर्षं होतो, रोज त्याच स्टेशनवरून जायचो. ओस्टरमाल्मस्तोर्य. १९६५ ला सुरू झालं. आणि तुम्ही वयाचं लिहिलंय म्हणून आधी हेच सांगतो, सिरीबाईंचा जन्म १८८८ चा. म्हणजे स्टेशन उघडलं तेव्हा त्या ७६ च्या होत्या!

आधीचं आयुष्य सोपं नव्हतं. स्टॉकहोमच्या आर्ट अकॅडमीत शिकल्या, १९१३ ला पॅरिसला गेल्या, तिथे क्यूबिझमच्या, म्हणजे आकार भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवण्याच्या, वळणाची पेंटिंग केली. १९१५ ला नेपल्सला पहिला मुलगा झाला, त्याचे वडील फिनलंडचे पेंटर वाले रोझेनबर्ग, ते १९१९ ला गेले. मग दोन मुली झाल्या. पैसे मिळावेत म्हणून फॅशनची ड्रॉइंग केली, मुलांना काही काळ दुसऱ्यांकडे ठेवावं लागलं. थोरली मुलगी लिव १९३८ मध्ये गेली, विशीत. पुढे १९४० च्या दशकात त्या फोगेलस्टाडला जायला लागल्या. तिथे बायकांसाठी नागरिकत्वाची शाळा होती, १९२५ ला निघालेली. स्वीडनमध्ये बायकांनी पार्लमेंटसाठी पहिल्यांदा मत दिलं १९२१ ला, तर आता मिळालेल्या मताचं करायचं काय हे शेतावरच्या, घरकामाच्या, शिकलेल्या सगळ्या बायकांनी एकत्र बसून शिकायचं. सिरीबाई तिथे बसून बोलणाऱ्या बायकांची स्केचेस करायच्या, आणि त्या शाळेतल्या लेखिका एलिन वॅगनर, डॉक्टर आडा निल्सन वगैरे मंडळी पुढे स्टेशनच्या भिंतीवर आली, प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफो आणि फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारच्या सोबतीने. शांतता हा शब्द वेगवेगळ्या भाषांत कोरलाय. आणि हे ऐकून मला काटा आला होता, ते स्टेशन अणुयुद्ध झालं तर लोकांना लपता यावं म्हणून निवाऱ्यासारखं बांधलंय. त्याच्याच भिंतीवर बाईंनी शांतता लिहिली.

अजून एक, तिथल्या मेट्रोत कला हवी म्हणून १९५० च्या दशकात मागणी लावून धरणाऱ्यांत चित्रकार व्हेरा निल्सन आणि सिरी डेर्केर्ट पुढे होत्या. टी-सेंट्रालेन स्टेशनवर सिरीबाईंनी कोरलेला एक खांब आहे, बायकांचा खांब म्हणतात त्याला.

साइटवरचा_माणूस:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, भांडुपला माझं आरसीसीचं काम आहे. ताई बरोबर ओळखलंत, छिन्नी नाही, सँडब्लास्टिंग आहे. ही पद्धत नॉर्वेच्या एर्लिंग विक्शो या आर्किटेक्टने काढली. शटरिंगमध्ये, म्हणजे साच्यात, आधी खडी भरायची, मग दाबाने पातळ ग्राउट, म्हणजे सिमेंटचा घोळ, सोडायचं, म्हणजे खडी अगदी पृष्ठभागापर्यंत ठासलेली राहते. सेट झालं की वाळूचा झोत मारायचा, जिथे मारू तिथलं सिमेंट उडतं आणि आतली खडी उघडी पडते. वरचा थर फिका, खडी काळी, की रेषा काळी दिसणार. म्हणजे बाहेरून रंग लावलेलाच नाही, उडून काय जाणार? खोडरबर मात्र नाही, एकदा उडालं की उडालं. म्हणून त्या मोकळ्या रेषेचं मला फार कौतुक वाटतंय, नोझलचा झटका हाताला बसत असतो.

फोर्टकर:
जेजेवाल्या ताईंना एकच सांगेन, रविवारी फोर्टात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या बिल्डिंगसमोर उभ्या राहा, ना. ग. पानसऱ्यांची ती शेतकरी-कारागिरांची शिल्पं परत नीट बघा. इमारतीशी बोलणारं शिल्प म्हणजे काय ते आपल्या गावात बघायला मिळतं. पिलू पोचखानावाला त्यांच्याकडेच शिकल्या आणि पुढे भंगारातल्या लोखंडाची शिल्पं केली, तीही याच मुंबईत, जेव्हा बाईने वेल्डिंग करायचं हेच लोकांना पटत नव्हतं. मेट्रो ३ मधून मी रोज जातो, एवढ्या भिंती आहेत जमिनीखाली, त्यातली एखादी तरी गिरणगावातल्या बायकांची असावी असं मला मनापासून वाटतं.

लाल_लाइन:
मेट्रोवरून आठवलं, १९७१ ला स्टॉकहोमला मेट्रोच्या एंट्रन्ससाठी बागेतली जुनी एल्मची झाडं तोडायची होती, लोक झाडांवर चढून बसले आणि शेवटी एंट्रन्सची जागा बदलली. आरेच्या वेळी मला सारखं तेच आठवत होतं.

शाडूमाती:
खूप खूप आभार सगळ्यांचे. ७६ वाचून फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ गप्प बसले. तिची ती स्केचेस, बोलणाऱ्या बायकांची, ते मला सगळ्यात लागलं. आमच्या कारखान्यात रंग द्यायला लालबागच्या सहा बायका येतात, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असतात, इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांचं एकदाही ड्रॉइंग केलं नाही. उद्यापासून वही नेणार. दादा, तुमच्या साइटवर दोन बाय दोन फुटाचा स्लॅब टाकून ट्राय करता येईल का? खर्च मी देईन.

साइटवरचा_माणूस:
खर्चाचं राहू द्या ताई, उरलेल्या मालात होईल, काळी खडी आपल्याकडे हवी तेवढी. ग्राउट प्रेशरने सोडायची सोय नाही माझ्याकडे, साधा स्लॅब टाकू आणि खडी वरच्या बाजूला जरा जास्त घेऊ. पण एक अट, साधी वाळू मारायची नाही, त्याची धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, माझ्या ओळखीतला एक माणूस गेलाय त्यात. गार्नेट या खनिजाची ग्रिट (भरड) आणू, आणि हवेचा पाइप जोडलेलं हूड घातल्याशिवाय नोझल हातात देणार नाही. स्लॅब या शनिवारी टाकतो, क्युरिंगला, म्हणजे ओलं ठेवून पक्कं व्हायला, २८ दिवस धरा. तोवर ड्रॉइंग फुल साइजमध्ये करून ठेवा, आणि रेषा बोटाएवढी जाड ठेवा, त्याहून बारीक रेषेत खडी दिसायची नाही.