टेस्ट चालवायची कृती तीन ठिकाणी, तिन्ही वेगळ्या

घणसोलीकर: आमचा मराठी शुद्धलेखन तपासायचा छोटा ओपन सोर्स प्रकल्प आहे. टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, कशा चालवायच्या ते रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणारी फाइल), कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये (हातभार लावणाऱ्यांसाठीच्या सूचना) आणि विकीवरही (प्रकल्पाची माहितीची पानं) लिहिलंय. कोड ज्या भाषेत आहे त्या पायथनची किमान आवृत्ती 3.10 केली तेव्हा मी फक्त रीडमी बदललं. परवा ऐरोलीचा एक कॉलेजचा मुलगा विकी वाचून जुनी 3.8 घेऊन बसला. रात्री दीडला मेसेज, "दादा, माझंच काही चुकतंय का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीनपैकी दोन ठिकाणची कृती उडवू का?

कळव्याची ताई: उडव, आणि आधी विकी. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) विकीची रेपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, वेगळी असते, त्यामुळे कोडच्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करून घ्यायची विनंती) ती कुणाच्या नजरेलाच पडत नाही. कृती कॉन्ट्रिब्युटिंगमध्ये ठेव. पुल रिक्वेस्ट उघडताना गिटहब तिची लिंक आपणहून दाखवतं. रीडमीत एक ओळ आणि दुवा, बस्स.

घोडबंदरवासी: ट्रॅफिकमध्ये अडकलोय, थोडक्यात लिहितो. आवृत्ती गद्यात लिहूच नकोस. पायप्रोजेक्ट फाइलमध्ये (प्रकल्पाच्या सेटिंग्जची फाइल) 'रिक्वायर्स-पायथन' टाक, जुन्या पायथनवर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) स्वतःच नकार देईल. तुझ्या त्या पोराची झोप वाचली असती.

घणसोलीकर: टाकलं. विकीवर आता फक्त दुवा आहे. पण विंडोजवाल्यांचा परिच्छेद वेगळा ठेवावा लागेल ना?

कळव्याची ताई: ठेव की. पण त्यात फक्त व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) चालू करायची आज्ञा, तेवढीच वेगळी आहे. बाकी सगळं परत उतरवून काढलंस तर पुढच्या वेळी रात्री दीडला मला फोन करू नकोस.