बेल, मरोदख की मार्दुक?

शब्दसाधक: बॅबिलोनवरच्या लेखाचं भाषांतर अडलंय. मुख्य देवाचं नाव 'बेल'. 'बेलाची मिरवणूक' लिहिलं की वाचक थेट शंकराच्या पिंडीपाशी! पर्याय?

टाकबोरू: 'बेल' ही पदवी. बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत 'बेलू' म्हणजे स्वामी, धनी. कनानी 'बाल' त्याचाच भाऊ. देव मार्दुक. पण सगळीकडे मार्दुक करू नका, इ.स.पू. पहिल्या सहस्रकात लोक त्याला नुसतं बेलच म्हणत. एकदा 'बेल म्हणजे स्वामी मार्दुक' सांगा, पुढे 'बेलदेव'. विभक्ती 'देव'ला लागली की बेलाचं पान आपोआप गळतं.

पोथीनिष्ठ: मराठी बायबलात, यिर्मया 50:2 मध्ये, बेल आणि मरोदख शेजारीशेजारी आहेत. रूढ रूप असताना मार्दुक कशाला?

टाकबोरू: मरोदख हिब्रूमार्गे आलं, मार्दुक कीलाकृती, म्हणजे खिळ्याच्या आकाराच्या लिपीतल्या, लेखांतून. विषय बायबलचा असेल तर मरोदख. दोन्ही मिसळलं की घोळ होतो: 'अवील मरोदख' देव नव्हे, नबुखद्नेस्सरचा मुलगा. मूळ अमेल-मार्दुक, 'मार्दुकाचा माणूस'.

रानवाटा: आदिसागराची देवी तियामत, तिचं मर्दन केलं म्हणून मार्दुक. सरळ आहे!

कीलक: सरळ आहे, पण चूक आहे. लिहितात 'अमर-उतू'. अक्कादीच्या आधीच्या सुमेरी भाषेत अमर म्हणजे वासरू, उतू म्हणजे सूर्य. शेवटचा 'क' षष्ठीच्या '-अक' प्रत्ययाचा. सूर्याचा गोऱ्हा! आधीचं 'दिंगिर' हे चिन्ह फक्त 'पुढे देवाचं नाव आहे' एवढं सांगतं, ते वाचायचं नसतं. लिप्यंतरात तेही उच्चारून टाकतात, तिथे गाडी घसरते.

शब्दसाधक: बरं, 'मुख्य देव' की 'देवाधिदेव'?

कीलक: काळ बघा. मुळात तो बॅबिलोन शहराचा देव, म्हणून नगरदैवत. बॅबिलोनचा राजा हम्मुराबीच्या कायदेसंहितेच्या प्रस्तावनेत आकाशदेव अनू आणि देवांचा प्रमुख एनलिल त्याला माणसांवरचं 'एनलिलपण', म्हणजे एनलिलची सत्ता, देतात, ती बढती. 'एनुमा एलिश' या बॅबिलोनी सृष्टिकाव्याच्या 7 मृत्तिकाफलकांच्या शेवटी त्याला 50 नावं मिळतात, आणि 50 हा एनलिलचा आकडा. तिथे देवाधिदेव शोभेल.

पोथीनिष्ठ: मृत्तिकाफलक! मातीची पाटी म्हणा की.

टाकबोरू: पाटी पुसता येते. ओल्या मातीत टोचलेलं वाळल्यावर पुसत नाही.

रानवाटा: ते असो, मार्दुकचा 'दु' ऱ्हस्व कसा? अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ: मार्दूक. सामान्यरूपात ऱ्हस्व: मार्दुकाला.

कीलक: परक्या विशेषनामाला हा नियम कशाला?

रानवाटा: मग 'वकील' ऱ्हस्व लिहा.

पोथीनिष्ठ: वकील विशेषनाम कधीपासून झालं?